पेट्रोल ११८ च्या वर : दिवसभर गाडीवर असणाऱ्यांनी करायचं काय? (इंदूर)

चाकावरची_ताई | ७ एप्रिल २०२२, रात्री ९.४०

आज सकाळी पंपावर कालचाच आकडा दिसला आणि रांगेतली माणसं चक्क खुश झाली. दर उतरला नव्हता हो, नुसता वाढला नव्हता.

रंगपंचमीला, २२ मार्चला, अख्खं इंदूर दोन वर्षांनी निघालेल्या गेरमध्ये, म्हणजे रंगांच्या मिरवणुकीत, रंगत होतं आणि त्याच सकाळी पहिली वाढ झाली. राजवाड्यावर कोणाला शुद्ध होती? मग रतीबच लागला. १६ दिवसांत १४ वेळा. पाडव्याला श्रीखंड आणायला बाहेर पडले, तर त्या दिवशीही ऐंशी-पंच्याऐंशी पैसे वर. १०७ वरून आपण ११८ च्या पलीकडे आलो.

आता माझी अडचण. मी फिजिओथेरपिस्ट आहे, पण क्लिनिक नाही. पेशंटच्या घरी जाऊन व्यायाम करवून घेते. गुडघे बदललेले, खांदा धरलेले, पक्षाघातातून उठणारे. सुदामा नगरहून निघते: सकाळी लोकमान्य नगर, मग तिलक नगर, तिथून परत राजेंद्र नगर, दुपारनंतर विजय नगर, संध्याकाळी अन्नपूर्णा. रोजचे साधारण ४५ किलोमीटर, महिन्याचे २६ दिवस. गाडी ॲक्टिव्हा, २०१७ ची. फी ३५० रुपये, जी मी जानेवारी २०२० मध्ये ठरवली होती. तेव्हा पेट्रोल ८० च्या आसपास होतं.

फी वाढवावी तर बहुतेक पेशंट पेन्शनवर. न वाढवावी तर माझाच गुडघा आणि माझंच पेट्रोल. 'विनाकारण फिरू नका' हा सल्ला कृपया कोणी देऊ नका. माझं फिरणं हेच काम आहे.

राजेंद्रनगरकर | ७ एप्रिल, रात्री १०.०५

ताई, हवा तपासता का? थट्टा नाही करत. बहुतेक लोक टायर बसलेला दिसला की हवा भरतात. आठवड्यातून एकदा, गाडी थंड असताना, पुस्तिकेत दिलेल्या आकड्याप्रमाणे भरा. हवा कमी असली की टायर रस्त्याला चिकटून चालतो आणि इंजिनाला जास्त ओढावं लागतं.

दुसरं म्हणजे वेग. सरकारची पीसीआरए ही इंधनबचतीवर काम करणारी संस्था वर्षानुवर्षं ४५ ते ५५ च्या वेगात चालवा असं सांगतेय. मी पीथमपूरला कारने जातो, राऊच्या पुढे रस्ता मोकळा मिळाला की पाय आपोआप दाबला जातो. गेला महिनाभर मुद्दाम ५५ वर धरून चालवली. घरी पोचायला चार-पाच मिनिटं उशीर होतो, पण काटा उशिरा खाली येतो हे डोळ्यांना दिसतं. मागून हॉर्न वाजवणाऱ्यांना वाजवू द्या.

पोहे_जिलेबी | ७ एप्रिल, रात्री १०.२१

भिया, पेट्रोलचं सोडा, लिंबाचं बघा. सकाळी पोह्यांवर लिंबू मागितलं तर ठेलेवाल्याने अशी नजर टाकली जणू मी त्याच्या ॲक्टिव्हाची टाकीच मागितली.

जुना_चेतक | ७ एप्रिल, रात्री ११.१०

तुम्ही सगळे बचतीच्या गप्पा मारताय. मला आधी एक सांगा, ताईंची गाडी ॲव्हरेज किती देते? 'साधारण पंचेचाळीस' हे उत्तर चालणार नाही. ते कंपनीच्या जाहिरातीतलं असतं, नाहीतर शेजाऱ्याने सांगितलेलं.

टाकी ते टाकी मोजा. नळी स्वतःहून बंद होईपर्यंत टाकी भरायची, किलोमीटर लिहायचे. संपत आली की पुन्हा त्याच पंपावर तशीच भरायची, लिटर लिहायचे. भागाकार करायचा. तीनदा केलं की खरा आकडा कळतो. माझ्या चेतकच्या काळात आम्ही पेट्रोलमध्ये ऑइल मिसळून घालत होतो, तेव्हाही खिशात वही असे.

आणि एक काम उद्याच करा. गाडी मोठ्या स्टँडवर लावा, इंजिन बंद, मागचं चाक हाताने फिरवा. सहज फिरलं पाहिजे. घासल्याचा आवाज आला किंवा अर्ध्या फेरीत थांबलं, तर ब्रेक धरून बसलाय. मग तुम्ही दिवसभर ब्रेक दाबून गाडी चालवताय असं समजा.

डबेवाली_सुदामानगर | ८ एप्रिल, सकाळी ६.५०

ताई, तुमच्याच गल्लीपलीकडची. माझं तर दोन्हीकडून. २२ मार्चला घरगुती सिलिंडर ५० रुपयांनी वाढला, १ तारखेला मोठा सिलिंडर २५० ने, आणि डबे पोचवणाऱ्या मुलाच्या गाडीचं पेट्रोल वेगळंच. चोइथराम मंडीत भाजीवाला म्हणतो डिझेल १०१ च्या वर गेलंय, त्याचंही खोटं नाही.

मी डबा ७० चा ७५ केला. भीत भीत केला. ४२ गिऱ्हाइकांपैकी दोघांनी कुरकुर केली, एकाने डबा बंद केला आणि चौथ्या दिवशी परत सुरू केला. तेव्हा फी वाढवा. माणसं आपल्याला वाटतं त्यापेक्षा समजूतदार असतात. मात्र एकदाच वाढवा आणि आधी सांगून वाढवा. दर महिन्याला दोन-दोन रुपये वाढवलेले कोणाला खपत नाहीत, ते मार्चमध्ये आपण बघितलंच.

(पोळ्या लाटायच्यात, पळते.)

बडोद्याची_लेक | ८ एप्रिल, सकाळी ११.३०

माहेर बडोदा, सासर इंदूर, सध्या माहेरी आहे म्हणून लिहिते. इथे पेट्रोल १०५ च्या आसपास चाललंय आणि लोक इथेही बोंबा मारतायत. मी तुमचा आकडा सांगितला तर वहिनी म्हणाली, "तुमच्याकडे पेट्रोलात केशर घालतात का?"

आम्ही दरवेळी इंदूरला परतताना दाहोदला टाकी फुल करतो. पिटोलची हद्द ओलांडली की दर बदललाच. ट्रकवाले तर तिथे रांगा लावूनच असतात.

ग्वाल्हेरकर | ८ एप्रिल, दुपारी १.१५

आमच्याकडे झाशीचा रिवाज आहे. दतिया ओलांडलं की उत्तर प्रदेश, तिथेही १०५ चाच भाव. आमचे एक काका गेल्या रविवारी खास टाकी भरायला झाशीला गेले. जाऊन-येऊन दोनशे किलोमीटर. ३५ लिटर भरलं, लिटरमागे १३ वाचले म्हणजे ४५५ रुपये. जाण्यायेण्यात १२ लिटर जाळलं. त्याचे सव्वाबाराशेच्या वर झाले. काकूंनी हिशेब मांडून दाखवला तेव्हा काका म्हणाले, "देवदर्शनही झालं ना!"

वाटेवर असेल तर भरा, नाहीतर काकूंना विचारा.

हिशेबी | ८ एप्रिल, दुपारी २.४०

हा १३ रुपयांचा फरक कुठून येतो ते लिहितो, कारण दर धाग्यावर हा प्रश्न निघतोच.

केंद्राचं उत्पादन शुल्क देशभर सारखं आहे, लिटरमागे ठरावीक रुपये. राज्याचा व्हॅट मात्र टक्क्यांत असतो. आपल्या मध्य प्रदेशात पेट्रोलवर २९ टक्के व्हॅट, वर अडीच रुपये, वर एक टक्का सेस. (नोव्हेंबरात कमी केल्यानंतरचं हे. आधी ३३ टक्के आणि साडेचार रुपये होते.) म्हणजे मूळ दर एक रुपयाने वाढला की आपल्या खिशातून एक रुपया तीस पैसे जातात. म्हणूनच दिल्लीत या पंधरवड्यात बरोबर दहा रुपये वाढले आणि आपल्याकडे जवळपास अकरा. टीव्हीवर 'आज ऐंशी पैसे' ऐकून आपण पंपावर जायचो आणि तिथे सत्त्याऐंशी पैसे वाढलेले असायचे. पंपवाल्याने काही लबाडी केलेली नसायची.

बडोद्याची_लेक | ८ एप्रिल, दुपारी ३.०२

आमच्या दारात कोयलीची रिफायनरी आहे ना, म्हणून स्वस्त असेल असं मला आजवर वाटत होतं.

हिशेबी | ८ एप्रिल, दुपारी ३.१०

रिफायनरी बीनालाही आहे, मध्य प्रदेशातच. तिचा आपल्याला काय उपयोग झाला?

मालवी_मिरची | ८ एप्रिल, दुपारी ४.००

चार नोव्हेंबरपासून साडेचार महिने भाव हलला नाही. १० मार्चला पाच राज्यांच्या निवडणुकांचे निकाल लागले आणि २२ ला वाढ सुरू. युक्रेनचं युद्ध तर २४ फेब्रुवारीपासूनच सुरू होतं. समजणाऱ्याला...

व्यवस्थापक | ८ एप्रिल, दुपारी ४.२०

समजणाऱ्याला समजलं. यापुढचे सात प्रतिसाद उडवले आहेत. धागा गाडी आणि खिशापुरता ठेवा.

चाकावरची_ताई | ९ एप्रिल, रात्री ८.१५

चेतककाका, तुमच्या पाया पडते!

सकाळी गाडी स्टँडवर लावून मागचं चाक फिरवलं. फिरलंच नाही. म्हणजे जोर लावला तर पाऊण फेरी, मग कुरकुर करत बंद. आणि ही गाडी मी फेब्रुवारीत सर्व्हिसिंग करवून आणलेली आहे. पैसे घेऊन धुतलेली चकचकीत गाडी हातात दिली होती, ब्रेक बघितला की नाही देव जाणे. नाक्यावरच्या मेकॅनिकने वीस मिनिटांत ड्रम उघडून साफ केला, केबल सैल केली, एअर फिल्टर दाखवला. तो पाहून मीच शरमले, आमच्या धुण्याच्या मशीनच्या जाळीसारखा झाला होता. फिल्टर, प्लग आणि मजुरी मिळून ४८० रुपये.

आधीच्या तीन टाक्यांच्या पावत्या पर्समध्ये सापडल्या, किलोमीटरही व्हिजिटच्या डायरीत होते. भागाकार केला. ३६ निघाले. मी सगळ्यांना पंचेचाळीस सांगत होते.

म्हणजे महिन्याला साडेबत्तीस लिटर. मार्चच्या वाढीने माझे महिन्याचे साधारण ३६० रुपये वाढले. मला वाटत होतं हजार-बाराशे तरी असतील! तेवढा फरक २०२० पासूनचा आहे, तो मी दोन वर्षं गुपचूप सोसत आले आणि दोन आठवड्यांच्या वाढीवर सगळा राग काढला.

जुना_चेतक | ९ एप्रिल, रात्री ९.००

पाया नको, पुढच्या महिन्याचा आकडा सांगा.

पंपाबद्दल विचारणाऱ्यांसाठी. एक, मीटरचा शून्य बघायचा, मोबाइल नाही. दोन, मापाबद्दल शंका आली तर वजनमापं तपासणाऱ्या नापतौल विभागाचा शिक्का असलेलं पाच लिटरचं माप प्रत्येक पंपावर ठेवलेलं असतं, ते मागायचा गिऱ्हाइकाला हक्क आहे. पाच लिटरमागे २५ मिलिलिटरपर्यंतचा फरक माफ, त्यापुढे नाही. मी आजवर तीनदा मागितलं. तिन्ही वेळा माप बरोबर निघालं आणि तिन्ही वेळा मागची रांग माझ्यावर चिडली.

शंभरऐवजी एकशे दहाचं, दोनशेऐवजी दोनशे दहाचं टाका, म्हणजे चोरी होत नाही, हा समज सोडा. मशीनला तुमची नोट कळत नाही.

सायली_वाय | १० एप्रिल, सकाळी ९.३०

काका, आणि पहाटे भरलं तर जास्त मिळतं म्हणतात ते? माझे बाबा सहा वाजता उठून जातात.

जुना_चेतक | १० एप्रिल, सकाळी १०.१०

तुमच्या बाबांची प्रकृती सुधारेल, पेट्रोल वाढणार नाही. पेट्रोल एका अंशाने तापलं तर हजारात एक भाग फुगतं. पंपाची टाकी जमिनीखाली, तिथे पहाटे आणि दुपारी फारसा फरकच पडत नाही. पाच लिटरमागे चमचाभराचा खेळ. त्यापेक्षा त्यांनी पहाटे चालत जाऊन दूध आणावं.

विजय_विजयनगर | १० एप्रिल, दुपारी १२.४५

इलेक्ट्रिकचं कोणीच कसं बोललं नाही? मी डिसेंबरात घेतली. तीन युनिटमध्ये ८० किलोमीटर जाते. युनिटला सात रुपये धरले तर किलोमीटरला पंचवीस-सव्वीस पैसे. ताई, तुमचा किलोमीटर सव्वातीन रुपयांना पडतोय.

राजेंद्रनगरकर | १० एप्रिल, दुपारी १.१०

आणि हप्ता?

विजय_विजयनगर | १० एप्रिल, दुपारी १.३०

हप्ता ३४००. खरं सांगायचं तर सध्या पेट्रोलचे पैसे जातात तिथेच बँकेत जातायत. तीन वर्षांनी मोकळा होईन, तोवर बॅटरी साथ देवो.

बाकी त्रास सांगतो, नंतर शिव्या नकोत. आमची बिल्डिंग तीन मजली, पार्किंगमध्ये प्लग नाही. सामायिक मीटरवरून चार्ज करायचं नाही असं सोसायटीने बजावलं. मी तिसऱ्या मजल्याच्या गॅलरीतून वायर सोडली, तर सेक्रेटरी म्हणाले बिल्डिंगला झोपाळा बांधल्यासारखं दिसतं. शेवटी स्वतःच्या मीटरवरून पाइपातून लाइन खाली आणली, साडेचार हजार गेले. ते कोणी हिशेबात धरत नाही.

सायली_वाय | १० एप्रिल, दुपारी २.०५

पुण्यात मागच्या महिन्यात भर रस्त्यात स्कूटर पेटल्याचा व्हिडिओ आईने पाहिला. आमच्या घरी विषयच संपला. आणि आता तर इंदूरचा उन्हाळा.

विजय_विजयनगर | १० एप्रिल, दुपारी २.२०

माझ्या आईनेही पाहिला. तेव्हापासून मी घरी पोचलो की ती आधी गाडीला हात लावून बघते, मग मला पाणी देते. उन्हातून आल्यावर तासभर सावलीत थंड होऊ देतो, मग चार्जिंगला लावतो. रात्रभर लावून झोपत नाही.

आयबसवाली | ११ एप्रिल, संध्याकाळी ७.३०

मी राजीव गांधी चौराह्याजवळ गाडी लावते आणि आयबसने विजय नगरला उतरते. बीआरटीएसमधून, म्हणजे बसच्या राखीव मार्गातून, बस सुसाट जाते, बाहेर गीता भवनला आणि पलासियाला गाड्या अडकलेल्या असतात तेव्हा आतून बघायला बरं वाटतं, खोटं कशाला बोलू. महिन्याचा पास काढलाय. पूर्वीचे १८ लिटर आता ५ वर आलेत. गर्दीत उभं राहावं लागतं, आणि गाडी कुठे लावायची ही रोजची भानगड. पण एसी आहे!

पोहे_जिलेबी | ११ एप्रिल, संध्याकाळी ७.५०

देवगुराडियाचा नवा बायो-सीएनजी प्लँट फेब्रुवारीत सुरू झाला. दिवसाला ५५० टन ओला कचरा, त्यातून १७ हजार किलो गॅस. शहरातल्या बस त्यावर चालवणार. म्हणजे आमच्या घरच्या केळीच्या सालींवर तुम्ही विजय नगर गाठणार. कचरा नीट वेगळा करत जा लोकहो, कोणीतरी ऑफिसला वेळेत पोचतंय.

चाकावरची_ताई | ११ एप्रिल, रात्री १०.००

बस मला झेपणार नाही. खांद्याला सहा किलोची पिशवी असते, त्यात दुखण्यावर विजेचे हलके झटके देणारं टेन्सचं मशीन, अल्ट्रासाउंड, रबरी पट्टे. शिवाय पेशंट थांब्यावर राहत नाहीत.

पण इलेक्ट्रिकचा हिशेब वाचून मी वही घेऊन बसले आणि एक वेगळीच गोष्ट लक्षात आली. माझा रस्ता बघा: पश्चिम, पूर्व, पश्चिम, पूर्व, पश्चिम. रोज दोनदा शहर ओलांडते! का? तर सहा वर्षांत ज्या पेशंटने जी वेळ मागितली, ती मी देत गेले. यात महागाईचा दोष काहीच नाही, मला कोणाला नाही म्हणता येत नाही म्हणून हे असं झालंय.

डबेवाली_सुदामानगर | १२ एप्रिल, सकाळी ६.४०

डब्यांचंही असंच होतं. आता मी मुलाला गल्लीवार यादी देते. ज्याला आधी हवा त्याला आधी, ही पद्धत बंद केली. पहिले आठ दिवस फोन येतात, नंतर लोक आपलं जेवण पुढे-मागे करून घेतात.

राजेंद्रनगरकर | १२ एप्रिल, सकाळी ९.१५

आमच्या कॉलनीतले चौघे पीथमपूरला चार वेगवेगळ्या गाड्यांतून जायचो. वर्षानुवर्षं एकमेकांना राऊच्या सिग्नलला हात करायचो! सोमवारपासून एकच गाडी. पैसे नाही घेत, आठवड्याने गाडी बदलते. अडचण एकच, एकाला सकाळी साडेसहाला मोठ्याने भक्तिगीतं लागतात आणि दुसऱ्याला शेअर बाजार. सानंद संस्थेच्या नाटकाला मात्र आम्ही आधीपासून पाच जण एका गाडीतून जात आलोय, तिथे कोणाला पेट्रोल आठवत नव्हतं. डोकं कामाला जातानाच चालत नाही, काय करणार.

चाकावरची_ताई | ३० एप्रिल, रात्री ९.२०

तीन आठवड्यांचा अहवाल. जरा लांबेल.

पेशंट दिशेप्रमाणे वाटले. सकाळी साडेआठ ते दुपारी एक पूर्वेकडचे: तिलक नगर, विजय नगर, आता महालक्ष्मी नगरची एक नवी. दुपारी घरी जेवण. चारनंतर पश्चिमेचे: लोकमान्य नगर, राजेंद्र नगर, अन्नपूर्णा. शहर दिवसातून एकदाच ओलांडायचं.

वाटलं तितकं सोपं गेलं नाही. लोकमान्य नगरचे आजोबा सहा वर्षं सकाळी आठला तयार होऊन बसायचे. त्यांना संध्याकाळ सांगितली तर म्हणाले, "संध्याकाळी मी थकलेला असतो." मी विचारलं कशाने? तर विचार करायला लागले. आता करतात व्यायाम, तोंड वाकडं करून.

विजय नगरच्या पेशंटला पक्षाघात झालाय, रोज व्यायाम हवाच. त्यांच्या मुलाला मी आठवडाभर शिकवलं: हात कुठे धरायचा, खांदा कसा ओढायचा नाही. आता आठवड्यातले चार दिवस मी जाते, दोन दिवस मुलगा करतो आणि मी व्हिडिओवर बघते, त्याची अर्धी फी. मला भीती होती की माझं उत्पन्न गेलं. थोडं गेलंही. पण मुलाचा हात बसल्यावर पेशंटची प्रगती जास्त दिसतेय, कारण तो संध्याकाळीही एकदा करवून घेतो. हे मी खरं तर आधीच करायला हवं होतं.

सगळ्यात कठीण तिलक नगरच्या आजी. वय ८१, गुडघा बदललेला, जीभ शाबूत. त्यांची वेळ साडेअकराची साडेआठ केली तर म्हणाल्या, "साडेआठला मी रात्रीच्या मालिकेचा पुन्हा दाखवतात तो भाग बघते." मी म्हटलं, मालिका बघता बघता पाय उचला. मान्य! आता खलनायिका बोलायला लागली की त्या रागाने पाय जास्त वर उचलतात. मला मोजायलाही लागत नाही.

फी फक्त पूर्वेकडच्यांची वाढवली, ३५० ची ४००, पंधरा दिवस आधी सांगून. पश्चिमेकडची तीच ठेवली. आजींनी विचारलं, "कशाचे पन्नास?" मी म्हटलं पेट्रोलचे. म्हणाल्या, "बरं."

आकडे: रोजचे ४५ किलोमीटर होते, आता सरासरी ३३. ॲव्हरेज ३६ होतं, दोन टाक्या मोजल्या, ४२ येतंय. लाल दिव्याला गाडी बंद करते, पलासियाला तर दोनदा करावी लागते. महिन्याला साधारण साडेवीस लिटर पडेल, म्हणजे २४२० रुपये. आधी ३८३५ होत होते. मार्चआधी १०७ च्या भावानेही मी याहून हजार रुपये जास्त जाळत होते.

दुपारी घरी जेवायला मिळतं हे कुठल्याच रकान्यात बसत नाहीये.

हिशेबी | ३० एप्रिल, रात्री ९.५५

आकडे तपासले. बरोबर आहेत. मी हे फार कमी लोकांना म्हणतो.

मालवी_मिरची | १ मे, सकाळी ८.१०

अभिनंदन ताई. पण सगळ्यांनीच असं सोसून, जमवून घेतलं तर वरच्यांना वाटणार की जनतेला काही त्रासच नाही. एवढंच म्हणतो, उडवू नका.

व्यवस्थापक | १ मे, सकाळी ८.३०

हे ठेवतो.

जुना_चेतक | २२ मे, सकाळी १०.४५

धागा वर काढतोय. काल शनिवारी रात्री बातमी आली, पेट्रोलवरचं उत्पादन शुल्क आठ रुपयांनी आणि डिझेलवरचं सहा रुपयांनी कमी. आज सकाळी इंदूरला लिटरमागे साडेनऊ रुपये उतरलेत.

आणि मी, ज्याने तुम्हा सगळ्यांना शहाणपण शिकवलं, त्याने काल दुपारी चार वाजता कारची टाकी नळी बंद होईपर्यंत फुल केली. ३१ लिटर. हिशेबी, तुम्ही गणित मांडू नका. बायकोने मांडलंय.

हिशेबी | २२ मे, सकाळी ११.००

२९४ रुपये ५० पैसे. राहवलं नाही, माफ करा.

ग्वाल्हेरकर | २२ मे, सकाळी ११.२०

आमचे काका विचारतायत, आता झाशीला जाणं परवडेल का.

चाकावरची_ताई | २३ मे, रात्री ९.१०

आज सकाळी तिलक नगरला पोचले तेव्हा मालिका सुरू झालेली नव्हती. आजी कॉटवर पाय लांब करून, हातात पेपर धरून माझीच वाट बघत होत्या. चष्म्यावरून बघत म्हणाल्या, "साडेनऊ रुपये उतरले म्हणे. मग ते पन्नास कधी उतरवतेस?"

मी म्हटलं, आजी, आधी पाय उचला, तीस वेळा. त्यांनी पंचवीस उचलले आणि थांबल्या. म्हणाल्या, "बाकीचे पाच भाव सांगितल्यावर."

उद्या पुन्हा साडेआठला जायचंय. काय सांगू?